वाइलाकूची चटई

१४ जून, सोमवार

बॉनेट बदललंय! बॉनेट, डावीकडचा दिवा आणि रेडिएटर — तिन्ही एकाच दिवशी. बारा ऑक्टोबरला. म्हणजे अपघातानंतर तिसऱ्या दिवशी!

झेफेरिनोने सांगितलं. परदेशी शांतिसेनेच्या मिशनच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे तो, सात वर्षं. मासळीबाजारामागच्या खानावळीत भेटला. टोपी डोळ्यांवर ओढलेली — जणू टोपीखाली ते भलंमोठं पोटही लपणार होतं.

"ताई, आठ महिने मनात ठेवलं. आता जेवण जात नाही."

"गाडी कोणाची?"

"साहेबाची."

"साहेब चाळीस आहेत, झेफेरिनो."

"मोठ्या साहेबाची. नाव विचारू नका. घरात सात तोंडं आहेत माझ्या."

वर्कशॉपच्या रजिस्टरचं विचारलं. आधीचं पान आहे म्हणाला, नंतरचं आहे. मधलं नाही.

मास्तरीण एर्मेलिंडाला जाऊन आठ महिने पाच दिवस झाले. वाइलाकूच्या वळणावर, भर दुपारी तीन वाजता, शाळेतून घरी येताना. पांढरी जीप, दारावर मोठी काळी अक्षरं. थांबली नाही. तीन जणांनी पाहिली. आपल्या पोलिसांना त्या गाडीला हात लावता येत नाही, करारच तसा आहे. शांतता राखायला आलेल्या माणसाला आपला कायदा लागू नाही. मिशनला मी चार पत्रं पाठवली. चारही उत्तरं एकच — "चौकशी चालू आहे." पाचवं पाठवायचीही लाज वाटायला लागली होती.

आणि आज — बॉनेट! घरी येताना मायक्रोलेट व्हॅनमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

१५ जून, मंगळवार

अब्रांवला सांगितलं. संपादक म्हणून त्याची पहिली प्रतिक्रिया: "विश्वचषक संपेपर्यंत पहिलं पान फुटबॉलचं." दुसरी, पाच मिनिटांनी: "रजिस्टरच्या पानाशिवाय अजून काय आहे?"

म्हटलं, शोधते.

१८ जून, शुक्रवार

वाइलाकूला जाऊन आले. चार तास बस, मग अर्धा तास चढण. गुडघे बोलायला लागलेत, पण काय दिवस होता!

रोमाल्दामावशी मागावर बसल्या होत्या. डोक्याला काळा रुमाल, अंगात काळा झगा — लेक गेल्यापासून तेच. वर्ष झालं की गाव जमवून काळं सोडायचं असतं. मावशी म्हणतात, सोडणार नाही.

"ज्याने केलं त्याने येऊन स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत पोर त्या वळणावरच बसून राहणार. ती उन्हात बसलेली आणि मी रंगीत नेसू?"

रोज सकाळी वळणावर जातात. नारळाच्या पात्यात शिजवलेला भात ठेवून येतात. एकही दिवस चुकवलेला नाही.

मी विचारलं, मिशनने भरपाई देऊ केली तर?

"भरपाई त्यांनी बाजारात न्यावी. मला माणूस हवाय. नुसता माणूस. त्याने यावं, बसावं, 'मी केलं' म्हणावं. एवढं मागणं जास्त आहे का गं?"

नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांचा भाऊ अन्सेल्मो आला. त्या दिवशी तो गवताने छप्पर शाकारत होता. वरून सगळं दिसलं त्याला. आठ महिन्यांत त्याला एक गोष्ट कुणी विचारलीच नव्हती. मीही नाही! आज सहज विचारलं — जीपमध्ये मागे काय होतं?

"ड्रम. निळे. चार. दोरीने आवळलेले."

"कसले?"

"कसले म्हणजे? जीप गेली तरी वास गेला नाही. डिझेल!"

मिशनच्या जीपमधून डिझेलचे ड्रम बाउकाउकडे कशाला जात होते? तिथे मिशनचा स्वतःचा तळ आहे, स्वतःची टाकी आहे. सोमवारी बाउकाउ.

२२ जून, मंगळवार

काल पोर्तुगालने — आमच्या जुन्या मालकांनी — सात गोल ठोकले. सात! अख्खं बाउकाउ मोटारसायकलींवर, लाल-हिरवे झेंडे, हॉर्न. मी त्यातून वाट काढत बस-तळावर. आनंदात असलेला माणूस जास्त बोलतो, हे चोवीस वर्षांत शिकलेय.

एका बसवाल्याला विचारलं, डिझेल कुठे भरतोस? तो झेंडा हलवत म्हणाला, "कुठलं हवंय? पंपावरचं की शांततेचं?"

"शांततेचं?"

"अहो बाई, मिशनचं तेल! शांततेचं तेल म्हणतो आम्ही. स्वस्त, आणि पाणी नाही त्यात. दर शुक्रवारी यायचं."

"यायचं? आता नाही येत?"

"ऑक्टोबरात थोडं थांबलं. मग पुन्हा सुरू. साहेब बदलला, तेल तेच."

दर शुक्रवारी! नऊ ऑक्टोबर हा शुक्रवार होता. दोघे बसवाले नावासकट छापा म्हणाले. तिसरा म्हणाला, माझं नाव छापलंत तर फोटोही छापा, बायकोला दाखवेन.

झोप येणार नाही आज. बातमी डोक्यात आपोआप लिहिली जातेय — शाळेतून घरी येणारी मास्तरीण, तेल विकायला निघालेला साहेब, फाडलेलं पान. तीन वाक्यांत मावतं सगळं. अशा बातम्या आयुष्यात दोन-तीनदा येतात.

२५ जून, शुक्रवार

छापण्याआधी त्यांची बाजू घ्यायची, म्हणून मिशनमध्ये गेले. नेहमी पहारेकऱ्याच्या खोलीत पाऊण तास बसवतात. आज सरळ आत! नवी संपर्क अधिकारी आली आहे, कॅरिन. उंच, केस पांढरे, वय माझ्याएवढंच असेल. जकार्तात राहिलेली, तिकडची भाषा मलाही येते, त्यामुळे बोलायला दुभाष्या लागला नाही. स्वतः कॉफी ओतली.

ड्रमचं विचारलं. पापणी हलली नाही. "तपासते," म्हणाली. बॉनेटचं विचारलं. तेही तपासते. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "देओलिंदा मॅडम, खरं सांगू? आमच्या फायलींनी कुणाचंच दुःख हलकं होत नाही. त्या आईला काय हवंय?"

आठ महिन्यांत हा प्रश्न विचारणारी पहिली!

सांगितलं — माणूस हवाय.

"तुमच्यात चटई पसरतात ना? ते नेमकं कसं असतं?"

तासभर सांगत होते. तिच्या वहीत चित्र काढून दाखवलं — कोण कुठे बसतं, आधी कोण बोलतं. लिआ-नाइन, म्हणजे गावाचा शब्द राखणारा म्हातारा, पूर्वजांना बोलावतो. ज्याने केलं तो अनवाणी चटईवर उतरतो, केलं ते सांगतो. ज्याचं गेलं तो ऐकतो. मग दोघं एकाच विड्याच्या पानातलं अर्धं-अर्धं खातात. चटई गुंडाळतात. संपलं.

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही. काढणाऱ्यावर पूर्वज उलटतात."

"पुन्हा कधीच नाही?" तिने दोनदा विचारलं.

"कधीच नाही," मी म्हटलं. छाती फुगवून म्हटलं! परकं सैन्य निघून गेलं त्या जाळपोळीच्या वर्षानंतर गावंच्या गावं या चटईवर शेजारी-शेजारी बसली. कुठलं कोर्ट हे करू शकलं असतं?

ती भराभरा लिहून घेत होती. निघताना म्हणाली, "मी वर बोलते." सगळेच तसं म्हणतात. पण हिचं मला खरं वाटलं.

२९ जून, मंगळवार

येतोय!!

कॅरिनचा फोन, सकाळी साडेनऊला. ड्रायव्हर स्वतः येणार. वाइलाकूला, चटईवर. दहा जुलै, शनिवार. "त्याचीच इच्छा आहे," म्हणाली. मी फोन ठेवला आणि पुन्हा उचलून बघितला, खरंच वाजला होता का म्हणून.

मिशनचा माणूस आपल्या चटईवर! आजवर एकदाही झालेलं नाही. गाड्या आल्या, गाड्या गेल्या, साहेब विमानात बसले, कुणी कुणाला उत्तर दिलं नाही. आणि आता एक जण बूट काढून बसणार.

अब्रांवशी मात्र वाजलं. त्याला ड्रमची बातमी रविवारीच हवी होती. म्हटलं, आता नाही. चटईचा दिवस ठरला की त्या गोष्टीवर बाहेर बोलायचं नाही, हे तुलाही माहीत आहे.

"तू? बातमी थांबवतेस? सैनिक दाराशी उभे होते तेव्हा थांबवली नव्हतीस!"

"ते सैनिक होते. ही चटई आहे."

तो डोंगरातलाच. त्याचा काका ज्या चटईवर घर जाळणाऱ्यासोबत बसला, तिथे तो स्वतः हजर होता.

"ठीक. पण चटई गुंडाळली की मला अख्खं पान हवंय. ड्रमसकट."

"चटई गुंडाळली की ड्रमही गुंडाळले, अब्रांव."

"मग माझ्या हातात काय उरतं?"

"मावशींना त्यांचा माणूस मिळतो."

त्याने रविवारच्या पानावरची जागा खोडली. म्हणजे हो.

३० जून, बुधवार

पहाटे पोर्तुगाल हरलं. ऑफिसात सुतक. मी एकटीच गुणगुणतेय, सगळे खाऊ की गिळू अशा नजरेने बघताहेत.

३ जुलै, शनिवार

पुन्हा वाइलाकू. म्हाताऱ्या क्लेमेंतीने — तोच तिथला लिआ-नाइन — मला समोर बसवून तासभर परीक्षा घेतली. दुभाषी मी असणार, म्हणून.

"मी म्हणेन ते सगळं सांगशील?"

"सगळं."

"तो म्हणेल ते सगळं?"

"सगळं, आजोबा."

"कमी नाही, जास्त नाही. छापखान्यात करता तसं गोड-तिखट करायचं नाही."

तोंडात दात तीन, पण चावतो बरोबर!

गावात लगीनघाई आहे. डुक्कर कोणाचं कापायचं यावर दोन भाऊ भांडले. बायका मका सोलत बसल्यात आणि एकच चर्चा — एवढा उंच परदेशी चटईवर दुमडायचा कसा. "गुडघे कानाला लागतील गं त्याचे!" "लागू देत. कान तरी झाकतील, शिव्या ऐकू येणार नाहीत."

मावशी मागावर. नवं ताइस विणताहेत, तांबडा-पिवळा काठ, पुरुषाच्या मापाचं. कोणासाठी विचारलं.

"त्याच्यासाठी."

त्यांनीच सांगितलं, "तो चटईवर खरं बोलला की घरचा झाला. घरच्या माणसाला उघड्या खांद्याने पाठवायचं का?"

हे मी छापणार. चटईनंतर एवढं तर छापता येईल.

९ जुलै, शुक्रवार

उद्या! पिशवी तीनदा भरून तीनदा उपसली. पोरकटपणा आहे. त्रेपन्न वर्षांची बाई मी.

१० जुलै, शनिवार

झालं. खरंच झालं.

सावकाश लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

दोन पांढऱ्या गाड्या दहाला आल्या. वळणावरून आल्या तेव्हा बायकांनी पोरं जवळ ओढली. कॅरिन उतरली. तिच्यामागून तो. पस्तिशीचा असेल. मान उन्हाने लाल, उजवी भुवई मधोमध चिरलेली, जुन्या जखमेने. नाव टोबियास. बूट काढले तर मोज्याला भोक! बायकांच्या रांगेत खसखस पिकली. अन्सेल्मोने डोळे वटारले, तेव्हा थांबली.

क्लेमेंतीने आवाज लावला. एरवी दोन वाक्यांना धाप लागते त्याला, आज अर्धा तास उभा. सात पिढ्यांची नावं घेतली, शेवटी एर्मेलिंडाचं. मग नियम — चपला बाहेर, सुरे बाहेर, कॅमेरे बाहेर. पूर्वज येऊन बसलेत. त्यांना सगळं ऐकू येतं, खोटंही.

मी भाषांतर केलं. टोबियासने मान हलवली, चटईवर उतरला. गुडघे खरंच कानाला लागले. कुणी हसलं नाही.

आणि बोलला. शब्द न् शब्द आठवतोय, कारण प्रत्येक शब्द माझ्याच तोंडून गेला. "मी गाडी चालवत होतो. वेगात होतो. ती दिसली तोवर उशीर झाला. मी घाबरलो. थांबलो नाही. त्या दिवसापासून मला झोप नाही."

माझा आवाज दोनदा फुटला. क्लेमेंतीने माझ्याकडे पाहिलं — कमी नाही, जास्त नाही.

मावशी इतका वेळ जमिनीकडे बघत होत्या. आता वर पाहिलं. विचारलं, "तिच्या हातात काय होतं?"

त्याने कॅरिनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मला... आठवत नाही."

"छत्री होती," मावशी म्हणाल्या. "लाल."

"हो. लाल छत्री." आणि ढसाढसा रडायला लागला. लहान मुलासारखा, खांदे हलवत. इकडे बायका रडायला लागल्या. अन्सेल्मो — इतका कडक माणूस — भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मावशी उठल्या. चटईवर त्याच्यासमोर बसल्या. पानाचे दोन भाग केले, अर्धा त्याच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. त्याला ते तिखट लागलं, ठसका लागला, लाल लाळ हनुवटीवर आली. मावशींनी रुमालाने पुसली. डोक्यावरच्या काळ्या रुमालाने! तो काढला होता त्यांनी. नऊ महिन्यांत मी त्यांचे केस पहिल्यांदा पाहिले. अर्धे काळेच आहेत अजून.

ताइस त्याच्या खांद्यावर. चटई गुंडाळली. क्लेमेंती म्हणाला, "संपलं." डुक्कर, मका, ताडी, नाच. कॅरिनने एक कागद पुढे केला — बैठक झाली, दुभाषी कोण, साक्षीदार कोण. मी सही केली. क्लेमेंतीने अंगठा.

निघताना मावशींनी माझा हात धरला. "उद्यापासून वळणावर भात नेणार नाही. गेली ती. मला कळलं, जाताना."

बसमध्ये रडले. आनंदाने. लिहून ठेवते — आनंदाने.

१२ जुलै, सोमवार

पहिलं पान! फुटबॉल संपल्यावर आता माझं. अब्रांवने मथळा स्वतः दिला: "ते चटईवर बसले." फोन थांबत नाहीयेत.

छापण्याआधी मात्र त्याने छळलं. "आडनाव काय? हुद्दा? कुठल्या विभागाचा?"

"चटईवर आडनाव विचारत नाहीत."

"छापताना विचारतात. तू तर उपसंपादकांच्या कानाखाली जाळ काढतेस आडनावासाठी."

"चटईवर खोटं कुणी बोलत नाही, अब्रांव. बोललास तू कधी? तुझा काका बोलला?"

तो डोंगरातला माणूस. बातमी तशीच गेली, नुसतं टोबियास.

१६ जुलै, शुक्रवार

मिशनचं पत्र. फाइल बंद. "स्थानिक प्रथेनुसार, कुटुंबाच्या पूर्ण समाधानाने तोडगा निघाल्यामुळे पुढील चौकशीची आवश्यकता उरलेली नाही." खाली साक्षीदार म्हणून माझं नाव, स्पेलिंग अचूक. माझ्या चार पत्रांच्या उत्तरात ते चार वेळा चुकलं होतं.

वाचून जरा टोचलं. ड्रम, बॉनेट, फाडलेलं पान — सगळं त्या एका ओळीखाली गेलं. पण मला दुसरं काय हवं होतं? मावशी पिवळी साडी... नाही, पिवळं ताइस नेसून चर्चला गेल्या म्हणे, रविवारी. बस. तेवढ्यासाठीच केलं सगळं.

(साडी कुठून आली डोक्यात! परवा टीव्हीवर हिंदी सिनेमा पाहिला त्याचा परिणाम.)

२० जुलै, मंगळवार

झेफेरिनोला काढलं. कपात म्हणे. सात वर्षं, आणि एका सकाळी फाटकावर कार्ड चालेना.

ऑफिसात आला. टोपी नव्हती आज.

"आता छापा. बॉनेटचं छापा, पानाचं छापा. आता नावही सांगतो साहेबाचं."

मी म्हटलं, झेफेरिनो, चटई गुंडाळली. मला नाव ऐकताही येत नाही. मी तिथली दुभाषी होते.

"तुमची गुंडाळली, ताई. मी कुठे बसलो होतो तिच्यावर?"

पोर्ट ऑफिसात ओळख आहे, तिथे नोकरीचा शब्द टाकते म्हटलं. आभार मानून गेला. ते आभार शिवीसारखे लागले.

२४ जुलै, शनिवार

कॅरिनचा फोन! वाइलाकूचं बघून वरचे खूश आहेत. आणखी चार गावांत चटया पसरणार! वर्षानुवर्षं पडून असलेली प्रकरणं — सगळी. "तुम्हीच वाट दाखवलीत, मॅडम." चार गावं! चार घरं, जिथे कुणीतरी काळं नेसून बसलंय.

मी लगेच म्हटलं, दुभाषी म्हणून मी आहेच.

"नको नको, तुम्ही किती धावपळ केलीत. तिकडे स्थानिक माणसं बघितलीत आम्ही. आराम करा."

आराम! पहिली लेओबातूला, पश्चिमेच्या टोकाला, सात ऑगस्टला. मातेउस नावाचा गवंडी, डिसेंबरात मिशनच्या ट्रकखाली गेला. बायको आहे, दोन मुली.

अब्रांवला म्हटलं, मी जाणार. न सांगता. मागे बायकांत बसेन, नुसतं बघेन. झेफेरिनोचं डोक्यातून जात नाही, हेही कारण आहे. चटई पुन्हा डोळ्यांनी बघितली की बरं वाटेल.

"बातमी?" त्याने विचारलं.

"बातमीच. मालिका करू — 'चटईवर'. पाच भाग."

"फोटो नाहीत."

"शब्द आहेत की!"

हसला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

६ ऑगस्ट, शुक्रवार

लेओबातूत मुक्काम, कुणाच्या तरी मावशीकडे. बस दोनदा बंद पडली, कंबरेचा काटा ढिला. पण गाव अगदी वाइलाकूसारखं झालंय. अंगण झाडलेलं, डुक्कर बांधलेलं, चटई उन्हात टाकलेली. मातेउसच्या बायकोने विचारलं, "ताई, तुम्ही बघितलंय ना? तो खरंच बोलतो?"

म्हटलं, बोलतो गं. उद्या बघ.

७ ऑगस्ट, शनिवार

पांढरी गाडी साडेदहाला आली. मी बायकांत, मागच्या रांगेत. बूट काढून एक माणूस चटईवर उतरला. नाव आंद्रे, ट्रक मी चालवत होतो म्हणाला. मान लाल. उजवी भुवई मधोमध चिरलेली.

मातेउसच्या बायकोसमोर खांदे हलवत रडत होता. मी उभी राहिले. त्याने वर पाहिलं.

रडणं तिथल्या तिथे थांबलं.